शौक कुणाचा, सोय कुणाची?

अलीकडे आमच्या सोलापुरात मुलींसाठी मार्गदर्शन शिबिरांचे पेव फुटले आहे. शादीखान्याचा हॉल, मागे फ्लेक्स, पुढच्या रांगेत मोहल्ल्यातले मान्यवर आणि विषय ठरलेला : 'छंदातून करिअर'. वक्ता पुण्या-मुंबईहून येतो. तो सांगतो, तुमच्या आवडीलाच रोजी बनवा, मग आयुष्यात एक दिवसही काम केल्यासारखे वाटणार नाही. मुली टाळ्या वाजवतात. आयोजक समाधानाने माना डोलावतात. शेवटी मेहंदी, केक आणि भरतकाम करणाऱ्या पाच-सहा मुलींना स्टेजवर बोलावून सर्टिफिकेट दिले जाते, फोटो निघतो आणि संध्याकाळी तो व्हॉट्सअॅपवर फिरतो.

अशा सात-आठ शिबिरांना मी प्रेक्षक म्हणून बसलो आहे. छंदातून पैसा कमावणारा एकच पक्का माणूस मला तिथे दिसला, तो म्हणजे व्याख्याता. त्याला प्रवासखर्च मिळतो, मानधन मिळते, शिवाय त्याचा 999 रुपयांचा ऑनलाइन कोर्स विकला जातो. बाकी हॉलमधल्या मुलींच्या हाती काय लागते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. तो मांडावा म्हणून हा लेख.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या वस्तीतल्या बायका-मुली घरात बसून जे काम करतात, त्याला 'छंद' किंवा 'शौक' म्हणणे ही त्यांची मजुरी कमी ठेवण्याची सगळ्यात सभ्य युक्ती आहे. वक्त्याला ती सोयीची, गिऱ्हाइकाला सोयीची, घरच्यांना सोयीची आणि सरकारलाही सोयीची. गैरसोय फक्त जिच्या हाताला काम आहे तिची.

विडीचा शौक कुणाला नव्हता

सोलापूरकरांना हे समजावून सांगायला लांब जावे लागत नाही. इथल्या कित्येक घरांत आजही बाई उंबऱ्याशी सूप घेऊन विड्या वळताना दिसते. पद्मशाली, मुस्लिम, दलित अशा सगळ्या समाजांतल्या बाया या कामात आहेत. विडी वळणे ही माझी पॅशन आहे, असे त्यातली एकही बाई कधी म्हणाली नाही. तंबाखूची धूळ छातीत जाते, पाठ मोडते, बोटे काळी पडतात. पोटासाठी करायचे ते काम, एवढेच त्याचे वर्णन.

आणि नेमके म्हणूनच त्या बायांना लढता आले. विडी घरात वळली जात असली तरी वळणारी बाई कामगार आहे, हे 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने मान्य केले. 1976 मध्ये त्यांच्यासाठी कल्याण निधीचा कायदा झाला. त्यातून दवाखाने आले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न आला तेव्हा कारखानदारांनी युक्तिवाद केला की, या तर आपापल्या घरात बसून काम करतात, त्या आमच्या कामगार कशा? 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. घरी विडी वळणारी बाईसुद्धा कामगारच, असा तो निकाल आहे. लाल बावट्याच्या मोर्च्यांतून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. 2006 मध्ये देशाचे पंतप्रधान तिच्या चाव्या द्यायला आले होते.

विडीचे गोडवे मला गायचे नाहीत. तो धंदा आजारपणाचा आहे, मजुरी तुटपुंजी आहे आणि पीएफच्या पैशांसाठी आजही खेटे मारावे लागतात. जुने श्रमकायदे नव्या संहितांमध्ये गुंडाळले गेले, त्यातून काय उरेल हा वेगळा वाद. पण एक गोष्ट पाहा. विडी वळणाऱ्या खालाकडे ओळखपत्र आहे. तिची नात मेहंदी काढते, तिच्याकडे सर्टिफिकेट आहे. आजीला दर कमी मिळाला तर ती युनियनच्या ऑफिसात जाते. नातीला दर कमी मिळाला तर ती घरी येऊन रडते, कारण तिला सांगितले गेले आहे की हा तिचा शौक आहे. शौकाची युनियन नसते.

बासष्ट रुपयांची कला

आता हिशेब. आमच्याच गल्लीतल्या एका मुलीचा आहे. नाव सांगत नाही, कारण तिचे गिऱ्हाईक तुटेल.

नवरीची मेहंदी. दोन्ही हात कोपरापर्यंत, दोन्ही पाय. तिने दोन हजार सांगितले, नवरीच्या फुफूने दीड हजारावर आणले. 'अगे, तेरेकू तो शौक हय ना!' हे वाक्य तेव्हाच आले. मेहंदीची पावडर, निलगिरीचे तेल, साखर, कोनाचा कागद असे साहित्य दोनशेचे. रात्री परत यायला रिक्षा अडीचशे. हाताखाली मदतीला नेलेल्या मुलीला तीनशे. उरले साडेसातशे.

वेळ मोजू. आदल्या दिवशी पावडर चाळून, भिजवून कोन भरायला दोन तास. नवरीला सहा तास. मग 'जरा आमच्याही हातावर काढ' म्हणत पुढे बसलेल्या करवल्या, चुलत्या, शेजारणी आणि लहान मुली यांना तीन तास. त्यांचे पैसे नाहीत, कारण नवरीच्या पॅकेजमध्ये ते 'आलेच'. जाण्या-येण्याचा एक तास. एकूण बारा तास. साडेसातशेला बाराने भागा. तासाला साडेबासष्ट रुपये.

गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्या बिगाऱ्याचा रोज आमच्याकडे याहून जास्त आहे. त्याला दुपारची सुट्टी आहे आणि मालक चहा पाजतो. तू सिमेंट कालवतोस ते तुला आवडते ना, मग शंभर कमी घे, असे त्याला कुणी म्हणत नाही.

शिवाय हे साडेसातशे रोजचे नाहीत. रमजानमध्ये लग्ने नाहीत, मोहरममध्ये नाहीत. हिंदू गिऱ्हाईक धरले तर चातुर्मासात तिथेही शुकशुकाट. लग्नसराईत एकाच रात्री तीन बोलावणी येतात, त्यातली दोन सोडावी लागतात. पुढचे दोन महिने कोन सुकतात. व्यासपीठावरून 'महिन्याला तीस हजार कमवा' सांगणारा पाहुणा हे रिकामे महिने धरत नाही. तो लग्नसराईतला एक चांगला दिवस घेतो, तिसाने गुणतो आणि टाळ्या घेतो.

केकचेही तेच. होमबेकर म्हणवून घेणाऱ्या मुलीला मैदा, लोणी, क्रीम यांचे भाव तोंडपाठ असतात. पण ओव्हनची वीज, बिघडलेला पहिला थर, डिझाइनसाठी रात्री बारापर्यंत चाललेले मेसेज आणि ऐनवेळी रद्द झालेली ऑर्डर तिच्या वहीत कुठेच नसते. स्वतःचा वेळ तर कधीच नसतो. 'घरातच तर होते' म्हणून तो शून्य रुपये धरला जातो. वहीत नफा दिसतो, पण खरे पाहता तो तिच्याच न दिलेल्या मजुरीचा भाग असतो.

कुणी म्हणेल, हाताने करायला नको, यूट्यूबवर टाका. तिथली अट माहीत आहे का? जाहिरातीतला वाटा मिळायला आधी 1,000 सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत लोकांनी मिळून 4,000 तास तुमचे व्हिडिओ पाहिलेले हवेत. एक माणूस सरासरी चार मिनिटे थांबला असे धरले तर साठ हजार वेळा तुमचा व्हिडिओ बघितला गेला पाहिजे. एवढे झाले की फक्त दार उघडते. आत किती मिळेल, ते पुढचे.

आधी भूक, मग आवड

'आवडीच्या मागे जा' या उपदेशाचा सगळ्यात मोठा दाखला म्हणून आमच्याकडचे वक्ते स्टीव्ह जॉब्स यांचे नाव घेतात. 2005 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या भाषणात त्यांनी आवडीचे काम शोधा, असे सांगितले होते. खरे आहे. पण 1977 मध्ये त्यांच्या कंपनीच्या मागे माईक मार्कुला नावाचा माणूस अडीच लाख डॉलर घेऊन उभा राहिला, हे आमच्या शादीखान्यात कुणी सांगत नाही. आमच्या मुलीला आठ हजारांचा ओव्हन घ्यायचा तर भावाची परवानगी लागते.

आपल्या जवळचा दाखला घ्या. सोलापूरहून मिरज काही लांब नाही. मिरजेची सतार आणि तानपुरा साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेले. तिथे ही परंपरा सुरू केली ती शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी, एकोणिसाव्या शतकात. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे कारागीर. संस्थानांच्या लढाया संपल्या, इंग्रजी अंमल आला, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा हे हात वाद्यांकडे वळले. संगीताची आवड होती म्हणून त्यांनी नोकरी सोडली नव्हती. चालता धंदा बसला म्हणून नवा शोधला, त्यात हात मुरला आणि मग त्या कामावर जीव जडला. मंगळवेढ्याकडचा भोपळा, कर्नाटकातले लाकूड, दुरुस्तीला आणि खरेदीला येणारे गवई, संस्थानचा आश्रय, बापाकडून मुलाकडे जाणारी उमेदवारी अशी सगळी साखळी उभी राहिली तेव्हा कुठे त्या हुनराची रोजी झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आपल्या भाषेत 'शौक' आणि 'हुनर' हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. शौक माणूस फावल्या वेळात करतो आणि त्यावर खर्च करतो. हुनर शिकावा लागतो, उस्तादाच्या हाताखाली वर्षे घालवावी लागतात, आणि त्यावर घर चालते. आमच्या मुलींच्या हातात हुनर आहे. आपण त्याला शौक म्हणून खालच्या पायरीवर बसवतो.

घरच्यांची अडचण

यात घरच्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो बोलला जात नाही. मुलीच्या पैशातून घराचे भाडे जाते, धाकट्याची फी जाते, अम्मीच्या गोळ्या येतात. पण अब्बांना आणि भाईजानना हे चारचौघांत मान्य करवत नाही. 'मुलीच्या कमाईवर जगतात' असे कुणी म्हणू नये म्हणून मग सांगितले जाते की, काही नाही हो, घरी बसून कंटाळते, शौक म्हणून करते. अब्रू त्यांची राहते, मजुरी हिची जाते. कारण ज्या पाहुण्याला हे सांगितले, त्याच पाहुण्याच्या घरी उद्या तिला पैसे मागायला तोंड राहत नाही.

धर्माचे नाव पुढे करणाऱ्यांना तर मला स्पष्ट विचारायचे आहे. हजरत खदीजा व्यापारी होत्या, आणि त्यांच्या व्यापाराला कुणी विरंगुळा म्हटलेले नाही. बाईने कमावले त्यावर तिचा हक्क, हे कुरआन मानतो. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकतो. मग मेहंदीचे पैसे वलीमा उलटून पंधरा दिवस झाले तरी का थकतात? त्या मुलीला घाम येत नाही, असे आपल्याला वाटते काय?

एका लग्नात किती जणांना पैसे मिळतात ते पाहा. निकाह लावणाऱ्या काझीसाहेबांना नजराणा मिळतो. बावर्चीला देगेमागे ठरलेली रक्कम, मंडपवाल्याला अॅडव्हान्स, फोटोग्राफरला तीन हप्ते. मुशायऱ्यातल्या शायराला पाकीट मिळते, आणि शायरी त्याची आवड आहे म्हणून कुणी पाकीट हलके करत नाही. आवड असल्याचा दंड फक्त बायकांना बसतो.

पण मुलींना आनंद मिळतो, त्याचे काय?

माझ्या या म्हणण्यावर मोहल्ल्यातले सुजाण लोक दोन आक्षेप घेतात. पहिला : तुम्ही सगळेच पैशात मोजता, कामातला आनंद मारता. मी आनंदाच्या विरोधात नाही. सुंदर वेल हातावर उमटली की काढणारीच्या डोळ्यांत जी चमक येते ती मीही पाहिली आहे. पण आनंद तिचा आहे, तो गिऱ्हाइकाने दिलेला नाही. जे तिचेच आहे ते तिच्या मजुरीतून वळते करून घेण्याचा अधिकार कुणाला? आणि साडेबासष्ट रुपयांत रात्री एक वाजता परतणाऱ्या मुलीचा आनंद किती वर्षे टिकतो, तेही बघा. ज्या हातांनी शौक म्हणून सुरुवात केली ते हात तिशीत कोन धरायलाही नको म्हणतात. आनंद टिकवायचा तर त्याला योग्य भाव हवा.

दुसरा आक्षेप असा की, निदान घरबसल्या चार पैसे तरी मिळतात, तेवढेही बंद करता काय? बंद करायला कोण सांगतो आहे? घरातून काम करणे आमच्या बायांच्या वाट्याला आधीपासूनच सगळ्यांहून जास्त आहे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात त्याची नोंद आहे. घराच्या आत राहून काम करणाऱ्या कामगार स्त्रियांचे प्रमाण एकूण सुमारे 51 टक्के, तर मुस्लिम स्त्रियांत सुमारे 70 टक्के. म्हणजे 'घरबसल्या कमवा' हा आमच्यासाठी नवा मंत्र नाही, जुनी कैद आहे. प्रश्न घराबाहेर की घरात हा नाही. घरातल्या कामाला काम म्हणणार की नाही, हा आहे.

जगात हा प्रश्न मान्य होऊन जमाना झाला. घरातून काम करणाऱ्यांनाही इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. 2023 मध्ये मोठ्या थाटात पीएम विश्वकर्मा योजना आली. 18 पारंपरिक व्यवसाय, अवजारांसाठी 15,000 रुपये, दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज, व्याज पाच टक्के. यादीत दर्जी आहे, न्हावी आहे, माळी आहे. मेहंदी काढणारी नाही, भरतकाम करणारी नाही, घरी बेकरी चालवणारी नाही. कारण उघड आहे. सरकारच्या लेखीही हा शौकच आहे.

बायांनी करून दाखवलेले

याच महाराष्ट्रात बायांनी हातातल्या हुनराचा धंदा करून दाखवला आहे. 1959 मध्ये गिरगावच्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले. त्यातून लिज्जत उभी राहिली. पापड लाटणे ही त्यांची पॅशन होती म्हणून नव्हे. पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालक, नफा-तोटा सगळ्यांचा, आणि दानधर्म कुणाचा घ्यायचा नाही, असे नियम त्यांनी केले म्हणून. 1975 मध्ये मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना डबे देणाऱ्या खानावळवाल्या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या बायाही स्वयंपाकच करत होत्या. पण तुम्हाला रांधायची आवड आहे, असे सांगत प्रेमाताई सर्टिफिकेटे वाटत बसल्या नाहीत.

दोन्हीकडे बायांनी आधी स्वतःला काम करणाऱ्या म्हटले, मग एकीने दर ठरवले, मग भांडवल मागितले.

म्हणून शिबिरे भरवणाऱ्या आमच्या भाईसाहेबांना माझे सांगणे आहे. हॉल तुमचाच असू द्या, फ्लेक्सही लावा. फक्त पाहुणे बदला. एक बँकेचा अधिकारी बोलवा, जो कर्जाचा अर्ज तिथेच भरून घेईल. एक हिशेबनीस बोलवा, जो साहित्य, वीज, प्रवास आणि स्वतःचे तास धरून दर कसा काढायचा ते फळ्यावर शिकवील. उद्यम नोंदणी फुकट होते, आधार कार्डावर होते. हॉलच्या कोपऱ्यात लॅपटॉप ठेवून ती करून द्या. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या मुलींची अन्नसुरक्षा नोंदणी करून द्या. ई-श्रम कार्ड काढून द्या. आणि विडी कामगार युनियनची एखादी म्हातारी कार्यकर्ती व्यासपीठावर बसवा. दरासाठी भांडायचे कसे, हे तिच्याइतके कुणाला माहीत नाही.

मुलींनो, तुमच्यासाठी एवढेच. एका वस्तीतल्या मेहंदीवाल्या एकत्र बसा आणि नवरीचा, पाहुण्यांचा, रात्रीचा दर कागदावर लिहा. त्याखाली कुणीही जायचे नाही. निम्मे पैसे आधी घ्या. जास्तीच्या प्रत्येक हाताचे वेगळे पैसे लावा. खाते स्वतःच्या नावावर उघडा आणि त्याचा पिन भाईजानला सांगू नका. आणि कुणी तुमच्या कामाला शौक म्हणाले तर हसून गप्प बसू नका. दर सांगा.

बाकी आपण उरलो, गिऱ्हाईक. बकरी ईद येईल, लग्नसराई येईल, तुमच्या दारात एखादी मुलगी कोनांची पिशवी घेऊन येईल. तिच्या वेलबुट्टीचे कौतुक नंतर करा. आधी पैसे द्या, ठरले तेवढे, त्याच रात्री.